लाल दोऱ्याची वाट

आमच्या दुकानात एक लोखंडी गज होता. तीन फुटांचा, अंगठ्याएवढा जाड, एका टोकाला भोक पाडून खिळ्याला टांगलेला. मीटर आले, टेप आल्या, तरी तो खिळ्यावरून उतरला नाही, कारण कापड मोजण्यापेक्षा त्याला दुसरं काम जास्त होतं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्यानं आम्हा दोघा भावांना मारत. काज तिरकं पडलं की एक, बाहीला कापड कमी पडलं की दोन, आणि गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केली तर मोजदाद नाही. म्हैसूरची माणसं हळू बोलतात, भांडतानाही आधी 'स्वल्प केळ्री', जरा ऐका, असं म्हणून सुरुवात करतात. देवराज मार्केटच्या मागच्या त्या गल्लीत आमच्या दुकानातला आवाज तेवढा वेगळा होता.

धाकटा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो दहा वर्षांचा असताना अप्पांनी त्याच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की तो मशिनच्या पायट्यावर जाऊन आपटला. कानातून रक्त आलं, मग पू आला, आणि महिन्याभरात तो कान गेला. डॉक्टरांना आईनं सांगितलं, जिन्यावरून पडला. आमच्या घराला जिनाच नव्हता. पण घरात कुणालाही काहीही लागलं तरी तो जिन्यावरूनच पडलेला असायचा, आणि हे वाक्य आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

हेच अप्पा एकादशीला विठ्ठलमंदिरात अभंग म्हणायला उभे राहिले की त्यांचा गळा दाटून यायचा. बायका पदरानं डोळे पुसायच्या. किती मवाळ माणूस, असं लोक म्हणायचे आणि मी शेजारी बसून दातओठ खात टाळ वाजवायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. सगळं म्हैसूर त्या दिवशी आपापली हत्यारं पुजतं. बसवाला बस धुतो, लोहार हातोडा पुसतो. आमच्याकडे मशिनी, कात्र्या, इस्त्री आणि गज. आई एकेकाला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि आम्ही रांगेनं वाकून नमस्कार करायचो, त्या गजालासुद्धा. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायचं नाही, असा नियम. म्हणजे वर्षातून दोन दिवस मार नाही. धाकटा वर्षभर त्या दोन दिवसांकडे डोळे लावून बसायचा.

आता माझं सांगतो. अप्पांचा हात दुखायला लागला की ते मला म्हणायचे, "धर त्याला." मी त्याचे दोन्ही हात मागून धरायचो. पुढे त्यांना सांगावंही लागलं नाही. एकदा तो माझी सायकल न विचारता नंजनगूडच्या रथाला घेऊन गेला आणि चाक वाकवून आणलं. मी त्याचा पुढचा दात पाडला. दात जमिनीवर पडलेला दिसला तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते बरंच वाटलं.

अप्पांनंतर दुकान माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर गजही आला. मी गजानं माणसाला मारत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. टेबलावर मारायचो. कारागिरानं खिसा वाकडा लावला तर कात्री फेकायचो, ती भिंतीच्या गिलाव्यात रुतून बसायची. अद्वातद्वा बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी त्याच्या नव्याकोऱ्या सफारीसकट गटारात ढकललं होतं. मास्तरांचा हात तोंडाआधी चालतो, असं गल्लीत लोक कौतुकानं म्हणायचे. ते कौतुक मला गोड लागायचं.

धाकट्यानं दहावी होताच दुकान सोडलं होतं. मेटगळ्ळीला एका कारखान्यात लागला, लग्न केलं, शहरातल्याच विजयनगर भागात राहायला गेला. अप्पा होते तोवर फक्त दिवाळीला यायचा. ते गेल्यावर दर रविवारी आईला भेटायला येऊ लागला. दारात चपला काढायचा त्या रस्त्याकडे तोंड करून, निघताना पाय सरळ आत जावेत अशा.

कारखान्यातल्या चारदोन जणांबरोबर त्याला डोंगर चढायचं वेड लागलं होतं. सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली केरळपर्यंत जाणारी एक लांबच लांब पायवाट आहे, ती लोक एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी चालतात, असं तो आईला सांगत बसायचा. आई म्हणायची, "चालायला पैसे कोण देतंय तुला?" मी आतून ऐकायचो. आमच्यात बोलणं कामापुरतंच होतं.

त्या वर्षी श्रावणात डॉक्टरनं मला बजावलं की रक्तदाब असाच राहिला तर एक दिवस टेबलावरच आडवा व्हाल, रोज चाला. मी बाजारापासून राजवाड्यापर्यंत चालू लागलो आणि रस्त्यात दिसेल त्याच्यावर मनातल्या मनात चिडू लागलो. धाकट्याला आईकडून कळलं. पुढच्या रविवारी तो घरातून सरळ दुकानात आला, कटिंग टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, कक्कबेपासून तळकावेरीपर्यंतचा तुकडा राहिलाय माझा. तीन दिवस. तू चल की."

"मी? माझं काय काम तिथं?"

"माझा डावा कान नाही. मागून हत्ती आला तर मला गोत्तागत नाही, कळत नाही. मागं कुणीतरी ऐकणारं पाहिजे."

"तुझे कारखान्याचे लोक आहेत ना?"

"ते सारखे बडबडतात, अण्णा. तुला लांबूनसुद्धा कळतं कुठल्या मशिनची सुई मोडणार आहे ते. तू मागं चाल, मी पुढं चालतो."

मी इस्त्रीच्या कापडावर पाणी शिंपडत राहिलो. त्याचा तो कान कुणी घालवला आणि त्याच्या आदल्या क्षणापर्यंत त्याचे हात कुणी धरले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. असं असूनही त्यानं कान म्हणून मलाच निवडलं. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी त्याच्यावर ओरडलोच, "बघतो! आधी गिऱ्हाइकाचं काम होऊ दे!"

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "एकच अट आहे. हात उचलायचा नाही."

"विठ्ठलाची शपथ," मी म्हणालो. शपथ घ्यायला मला वेळ लागला नाही, ती मोडायलाही लागणार नव्हता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून आमची तयारी सुरू झाली. तो कारखान्यातला माणूस, वहीत नंबर घालून यादी करायचा. पहिला दिवस कक्कबेहून चढ आणि कड्याखाली मुक्काम. दुसरा दिवस धारेवरून, डाव्या हाताला केरळची दरी, उजव्या हाताला कोडगूची, म्हणजे कूर्गची, जंगलं, सगळी धार अशीच. तिसऱ्या दिवशी तळकावेरी आणि भागमंडलला उतरून बस. जंगल खात्याची परवानगी, तांदूळ, गूळ, काडेपेटी मेणकापडात. मी यादी करत नाही, मी मापं घेतो. त्याच्यासाठी पाठीवरची पिशवी बाजारातून घ्यायची नाही, मी शिवणार, असं मी जाहीर करून टाकलं.

"वळ," मी म्हणालो.

तो वळला. मी टेप त्याच्या मानेच्या मणक्यावर ठेवली आणि त्याचं अख्खं अंग आखडलं. पाठ साडेसतरा, खांदा अठरा. बनियनच्या वरच्या कडेला माराचा एक जुना पांढरा व्रण बाहेर डोकावत होता. अप्पांचा की माझा, ते मला ओळखता आलं नाही. मारण्यासाठी नव्हे असा हात मी त्याला कितीतरी वर्षांत पहिल्यांदा लावला, तो त्या दिवशी.

तयारी म्हणजे गोडीगुलाबी होती असं कुणी समजू नये. आम्ही दर रविवारी भांडायचो. तो म्हणायचा एक वेळ भात पुरे, मी म्हणायचो उपाशी मारतोस काय. त्यानं सांगितलं की हत्ती समोर आला तर ओरडायचं नाही, हळू मागं सरायचं. मी म्हटलं, मी का मागं सरू? तो म्हणाला, "हत्ती तुझा कारागीर नाही अण्णा, सुम्ने, गुमान ऐक." मी कात्री उचलून टेबलात रोवली, दोन्ही पाती लाकडात उभी. तो एक पाऊल मागं गेला. मी कात्री काढली, टेबलाला हात लावून शपथ पुन्हा घेतली आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो. असे चार-पाच रविवार गेले आणि कुणाला काही लागलं नाही. आई एकदा दारातून डोकावली, आम्ही दोघं एकाच टेबलावर वाकलेले बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

जळवांसाठी मी मोजे शिवले. मांजरपाटाचे, दुहेरी, गुडघ्यापर्यंत, वर नाडी, शिवण अशी घट्ट की दोरा दिसू नये. जळू विणलेल्या मोज्यातून आत शिरते, मांजरपाटातून नाही, हे त्यानं सांगितलं आणि पुढचं मी केलं. दोन जोड्या. त्याच्या जोडीला मी त्याच्या पोटरीचं माप जुळवलं. एक पाय दुसऱ्याहून अर्धा इंच बारीक निघाला.

मग नकाशा. त्यानं कुणाकडून तरी एका दिवसाच्या बोलीवर एक मोठा कागद आणला. कोडगूच्या धुक्यात कागदाचा लगदा होतो, म्हणून तो आखून घेणार होता. मी म्हटलं, आखतोस कशाला, कापडावर घे, मी शिवतो. कागद टेबलावर पसरला, त्याखाली कार्बन, त्याखाली जाड पांढरं कापड आणि मी दातेरी चाक फिरवून वाट, ओढे, धार, मुक्काम सगळं त्याच्या देखत कापडावर उतरवलं. तो कागद गुंडाळून परत करायला घेऊन गेला. पुढचं मी एकट्यानं केलं. चार संध्याकाळी मी गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं. वाट लाल दोऱ्यानं, ओढे निळ्या, दरीची कड काळ्या. खाली बॉबिनलाही तोच रंग, म्हणजे दोन्हीकडून सारखं दिसावं. मग कडा दुमडून शिवल्या, कापड उलटवलं, इस्त्री केली आणि सुलट बाजूला मार्किंगच्या शाईनं एकेका टाक्याजवळ नावं घातली. आयुष्यात मी लग्नाचे कोट शिवले, वकिलांचे काळे कोट शिवले, पण एवढं जीव लावून काही शिवलं नव्हतं. आयुधपूजेला मी तो नकाशा कात्र्यांच्या शेजारी मांडला आणि आईनं त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी धाकटा आला. निघायला बारा दिवस राहिले होते. मी शटर ओढलं, नकाशा पसरला आणि तो गुंडाळू नये म्हणून कडेवर गज ठेवला. गजाला अजून आईचं कुंकू होतं.

तो बराच वेळ बघत राहिला. बोट ठेवून कक्कबेपासून वर वर गेला. "काय शिवलंयस रे अण्णा," असं म्हणाला. माझा श्वास मोकळा झाला. मग त्याचं बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा गेलं.

"अण्णा, थांब. केरळ इकडे कसं?"

"कसं म्हणजे?"

"दरी डाव्या हाताला पाहिजे. इथं उजव्या हाताला आहे. ओढापण. सगळंच." त्यानं कापडाचं टोक उचलून मागं बघितलं. "हां. तू उलट्या बाजूला काढलंस."

आमच्या धंद्यात खूण नेहमी उलट्या बाजूला करतात. खडू उलट्या बाजूला, शिलाई उलट्या बाजूनं, शेवटी कपडा उलटवायचा. हे मला कुणी सांगावं लागत नाही, हातच करतात. सदऱ्यात त्यानं काही बिघडत नाही, कारण डावी बाही आणि उजवी बाही जोडीनं निघतात. डोंगर जोडीनं निघत नाही. मी दरी उचलून दुसऱ्या अंगाला ठेवली होती आणि त्या कापडावर भरवसा ठेवला असता तर दाट धुक्यात आम्ही कड्याकडेच चालत गेलो असतो.

हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. आणि तेवढ्यात तो हसायला लागला.

आज मी शपथेवर सांगू शकतो की तो मला हसत नव्हता. चूक वेळेत सापडली, माणूस वाचला, म्हणून सुटल्यासारखं हसत होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "नकाशा शिवायला सांगितला तर झबलं शिवलंस की रे!" पण मी लहान असताना माझं कापड चुकलं की अप्पा आधी गिऱ्हाइकासमोर असंच हसायचे आणि मग गज घ्यायचे. ते हसू मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या डोक्यात काही राहिलं नाही.

गज माझ्या हातात होता. मी तो त्याच्या डोक्यावर उगारला. लोकांना मी नंतर हातावर असं सांगितलं, पण मी डोक्यावरच उगारला होता, त्यानं हात मध्ये घातला म्हणून हात गेला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मी थांबलो नाही. दुसरा घाव त्याच ठिकाणी बसला, कातडी फाटली आणि रक्त नकाशावर, टेबलावर, माझ्या सदऱ्यावर उडालं. तो टेबलाखाली बसला आणि उजव्या हातानं डावा हात पोटाशी धरून म्हणत राहिला, "साकु अण्णा, साकु. साकु." पुरे, पुरे. दहा वर्षांचा असताना तो अगदी हेच म्हणायचा.

आईनं शटर वर ढकललं तेव्हा गज अजून माझ्या हातात होता.

रिक्षात मी त्याच्या शेजारी बसलो. तो माझ्यापासून जितकं सरकता येईल तितका सरकून बाहेर बघत होता. दवाखान्यात डॉक्टरनं जखम धुतली, कापूस लाल झाला आणि त्यानं तो उजेडात धरला. "हे नुसतं रक्त नाही. कुंकू आहे. जखमेत कुंकू कसं?"

मी तोंड उघडणार होतो. खरं सांगणार होतो की आणखी काही, मला माहीत नाही. धाकटा माझ्याआधी बोलला.

"पूजेची तयारी करत होतो. जिन्यावरून पडलो."

डॉक्टरनं माझ्या सदऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता प्लास्टर घालायला घेतलं. अप्पांसाठी आम्ही जे वाक्य पाठ केलं होतं, ते त्यानं माझ्यासाठी वापरलं. 

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर खिळा रिकामा होता. आईनं सकाळीच गज भंगारवाल्याला देऊन टाकला होता. सत्तरी ओलांडलेली बाई तो जड लोखंडी गज पदराखाली धरून नाक्यापर्यंत गेली होती. मी विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे अप्पा गेले त्या दिवशीच द्यायला पाहिजे होता. मी कुंकू लावत बसले." मग विळीवर हात थांबवून म्हणाली, "तुझ्या हाताला मात्र भंगारवाला नाही रे."

प्लास्टर सहा आठवडे राहणार होतं. चालणं डिसेंबरवर गेलं, हे मला आईकडून कळलं. तो रविवारी यायचा, आईजवळ बसायचा आणि दुकानात न डोकावता निघून जायचा. चालणं रद्द झालं नाही एवढंच मी धरून बसलो. तो येऊ नको म्हणाला नव्हता ना? मी रोज पहाटे चालू लागलो, चामुंडीच्या पायऱ्या चढू लागलो, खांद्यावर तांदळाची पिशवी टाकून. रक्तानं भरलेला नकाशा फेकून दिला. आणखी कुणाकडून तरी मोठ्या मिनतवारीनं तसाच कागद मिळवला आणि नव्या कापडावर नकाशा पुन्हा शिवला. या वेळी केरळ डाव्या बाजूलाच होतं. दहा वेळा बघितलं.

ज्या दिवशी तो निघणार होता त्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर गेलो. पाठीवर पिशवी, हातात मोज्यांच्या दोन्ही जोड्या आणि नकाशा. विराजपेटची बस लागली होती. तो बसच्या दाराशी उभा होता, मी दसऱ्याआधीच शिवून दिलेली पिशवी त्याच्या पाठीवर अगदी बेतात बसलेली. शेजारी कारखान्यातला एक सडपातळ माणूस कंडक्टरशी अखंड बोलत होता.

धाकट्यानं माझ्या पाठीवरची पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"अण्णा, तू येऊ नको."

"नकाशा नीट शिवलाय," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलंच नाही. "बघ तरी. दरी डावीकडे आहे."

"नीटच शिवला असशील."

"मागं कोण ऐकणार तुझ्या?"

"हा आहे."

"हा तर सारखा बडबडतोय!"

"बडबडू दे." तो माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत बोलत होता. "राग नाही अण्णा माझा. खरंच नाही. पण तिथं मी पुढं चालणार, तू मागं. तीन दिवस माझी पाठ तुझ्याकडे. मला मागं बघत बघत चालायला जमणार नाही, कड्यावरची वाट आहे ती."

मी तिथं सगळ्यांसमोर ओरडलो असतो. मुठी वळल्या, हे मला त्याची नजर बघून कळलं. मी त्या उघडल्या, एक एक बोट करून, आणि मोजे पुढं केले. त्यानं एक जोडी घेतली. नकाशा घेतला नाही. बस सुटली तेव्हा तो उजव्या बाजूला खिडकीशी बसला होता आणि मी त्याच अंगाला जाऊन उभा होतो, म्हणजे त्याचा ऐकू येणारा कान माझ्याकडे होता. मी हाक मारली नाही.

मी घरी आलो, पिशवी उतरवली, दुकान उघडलं आणि तीन दिवस एकाही कारागिरावर आवाज चढवला नाही. त्यांना वाटलं मी आजारी आहे. तीन दिवस मी कोडगूचं आकाश मनात धरून बसलो. आता चढ लागला असेल, आता धार, आता डाव्या हाताला दरी. कधी नव्हे ते मी विठ्ठलाला काही मागितलं. त्याच्या मागं चालणाऱ्यानं तेवढा वेळ तोंड बंद ठेवावं, एवढंच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला. आधी आईला भेटला, मग किती महिन्यांनी दुकानाच्या पायरीवर आला. चेहरा उन्हानं रापलेला, ओठ फुटलेले, डोळे हसरे. मी टेबलामागून बाहेर आलो. खिळा त्याला तिथून दिसत होता, रिकामाच होता.

"झऱ्याजवळ जळवा होत्या, अण्णा," तो म्हणाला. "एकपण आत शिरली नाही. मोजे भारी झाले."

"आत ये की," मी म्हणालो. "चहा सांगतो."

"बेड अण्णा, नको. इथं बरं आहे."

तो हसत होता, अगदी मोकळेपणानं, धारेवरच्या वाऱ्याचं, दुरून दिसलेल्या हत्तींचं सांगत होता. मी ऐकत होतो. पण चाळीस वर्षं मापं घेतलेली नजर माझं न ऐकता तिचं काम करते. माझा हात आणि त्यात तीन फुटांचा गज, दोन्ही मिळून जिथवर पोहोचतात, त्याच्या एक वीत पलीकडे तो उभा होता.